आवाजाची मालकी

मोबाइलला माणसाची बोली कळावी यासाठी बड्या कंपन्यांत जी चढाओढ लागली, तिला मुक्त स्पर्धा म्हणण्याचा प्रघात आहे. या स्पर्धेचा कच्चा माल आला कोठून? २००७ साली गूगलने अमेरिकेत दूरध्वनीवर दुकानांची माहिती फुकट देणारी सेवा काढली. या औदार्याचे गूढ फार काळ टिकले नाही. यंत्राला बोली शिकविण्यासाठी लोकांचे उच्चार हवे आहेत, असे कंपनीच्या मरिसा मेयर यांनी त्याच वर्षी सांगून टाकले. २०१० मध्ये सेवा बंद झाली. कमावलेले तंत्र कंपनीकडे राहिले. त्याच वर्षी ॲपलने सिरी विकत घेतली. तिच्या मुळाशी असलेल्या संशोधनाला पैसा पुरविला होता अमेरिकी संरक्षण खात्याने, म्हणजे तेथील करदात्याने. मायक्रोसॉफ्टने तर २०२२ मध्ये न्युआन्स ही कंपनीच गिळली. मुक्त स्पर्धेचा शेवट बहुधा असाच होतो.

२०१७ पासून गूगलचे यंत्र मराठीही टिपून घेते. कार्यकर्त्यांनी ही सोय जरूर वापरावी. मात्र केंद्र सरकारनेही 'भाषिणी' योजनेत जनतेकडे आवाजाचे दान मागितले आहे. त्या संग्रहावर नफा कमावणाऱ्याने समाजाला मोबदला द्यावा, अशी तरतूद कायद्यात व्हावी, ही मागणी समाजवाद्यांनी आताच लावून धरली पाहिजे.