शाळेतील पाण्याचा पाठ आणि गावची नोंदवही

पाणी जपण्याचे शिक्षण खेड्यातील मुलांस शाळेतच मिळाले पाहिजे, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. पर्यावरणाचा विषय शाळांतून शिकविण्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच निर्देश दिले. आपल्या राज्यात वरच्या वर्गांसाठी ‘जलसुरक्षा’ या नावाचे पाठ्यपुस्तक निघाले. पानी फाउंडेशनने ‘निसर्गाची धमाल शाळा’ या उपक्रमाने हाच विषय खेळांतून व प्रयोगांतून मुलांपुढे मांडला. प्रश्न उरतो तो इतकाच की, मुलांच्या हातून प्रत्यक्ष काम करवून घ्यावयाचे ते कोणते? या बाबतीत यवतमाळ जिल्ह्यात जी रीत पडत चालली आहे, ती प्रस्तुत लेखकास पसंत नाही, हे प्रथमच सांगून टाकतो.

ती रीत वनराई बंधाऱ्याची. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती वा वाळू भरून, तोंडे शिवून, विटांचे सांधे चुकवितात तशा त्या रचून नाल्यात आडवा बांध घालावयाचा. पावसाळा सरता सरता, नाल्याची धार मंदावली म्हणजे याचा हंगाम येतो. काम स्वस्त आणि उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु होते काय? एके दिवशी मुलांस नाल्यावर नेतात, दुपारपर्यंत बांध उभा राहतो, पाहुण्यांची भाषणे होतात, छायाचित्रे निघतात आणि मंडळी घरोघर जाते. पुढे त्या बांधामागे पाणी किती दिवस टिकले, खालच्या अंगाच्या विहिरीस काही फरक पडला की नाही, हे कोणी पाहत नाही. पुढील पावसाळ्यात गोण्या वाहून जातात व त्यांच्या चिंध्या खालच्या वावरात डवऱ्याला अडकतात. मुलाच्या पदरी पडली ती दमणूक.

शेजारच्या वर्ध्यास २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने बुनियादी शिक्षणाची योजना आखली. हाताच्या कामातून ज्ञान मिळावे, हा तिचा गाभा. अशाने शाळेचा कारखाना होईल, असा आक्षेप तेव्हाही निघाला होता, व तो अगदीच पोकळ नव्हता. मुलाने काय केले हे त्याने स्वतः मोजले, पडताळले व त्यावरून प्रश्न विचारला, तर ते शिक्षण. नुसतीच पाटी उचलली, तर ती वेठ. माती वाहण्यास रोजगार हमीचे मजूर आहेत, खोदण्यास यंत्रे आहेत. जे काम गावात कोणीच करीत नाही, ते मोजण्याचे काम मुलांस द्यावे.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसुली दप्तरात गेली. तेव्हा नोंदवहीचा थोडा पक्षपात घडल्यास वाचकांनी क्षमा करावी. पण पाहा, सरकारी पर्जन्यमापक असतो मंडळाच्या गावी. अतिवृष्टीसाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची अट त्याच आकड्यावर ठरते. पाऊस मात्र नाल्याच्या या काठी पडतो आणि त्या काठी पडत नाही, हे शेतकरी बंधूंस सांगावयास नको. भूजल सर्वेक्षण खाते वर्षातून चार वेळा विहिरींची पातळी घेते, परंतु निवडक विहिरींचीच. म्हणजे आपल्या गावात पाऊस किती पडला आणि विहीर किती उतरली, याचा लेखी पुरावा बहुतेक गावांपाशी नाही. शाळेच्या नोंदीस कायद्याचे बळ येणार नाही, हे खरे. परंतु गावास स्वतःचे डोळे येतील.

यास खर्च तो किती? सपाट बुडाचा, सरळ भिंतीचा डबा उघड्या जागी ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने मोजावे. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. विहिरीसाठी दर हातावर गाठ मारलेला व टोकास वजन बांधलेला दोर, आणि काठावर रंगाची एक कायमची खूण. (हे माप गुरुजी वा जाणता माणूस सोबत असल्यावाचून घेऊ नये.) मग गणिताचा तासही जिवंत होतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडे वर्षाचा पाऊस नऊशे मिलिमीटरांच्या घरात. शंभर चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर नव्वद हजार लिटर पाणी पडते. एका एकरावर २५ मिलिमीटरची एक सर आली तर सुमारे एक लाख लिटर. ते गेले कोठे, हा प्रश्न मग मूलच विचारते.

त्याचे उत्तरही मुलानेच शोधावे. बूड काढलेला डबा जमिनीत दोन बोटे रोवावा, त्यात मापून पाणी ओतावे व जिरण्यास लागलेला वेळ घड्याळात पाहावा. काळ्या भारी जमिनीत, मुरमाडीत, धुऱ्यावरच्या गवतात, असा निरनिराळ्या जागी हा प्रयोग केला म्हणजे आपल्या काळ्या खडकाच्या मुलखात पाणी कोठे मुरते हे हातास कळते. पावसात उताराला उभी पेरलेल्या व आडवी पेरलेल्या, अशा दोन वावरांच्या तोंडाशी वाहणारे पाणी दोन बरण्यांत भरून शाळेत रात्रभर निवळू द्यावे. सकाळी बुडाशी बसलेला गाळ पट्टीने मोजून मुलगा तो आकडा घरी बापाला सांगेल. कृषिखात्याच्या कैक पत्रकांनी जे साधले नाही, ते या बरणीने साधेल अशी आम्हांस उमेद आहे.

यात खरे पणास लागले आहे ते मुलांचेच. पांढरकवडा, घाटंजी, झरी जामणी या भागांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळले आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. त्यापलीकडचे पाणी लहानपणी पोटात गेले की कायमच्या दातांवर डाग उमटतात, व ते पुन्हा जात नाहीत. पुढे हाडेही धरतात. उथळ विहीर आटली म्हणून आपण बोअर खोल खोल नेतो, आणि असे पाणी बहुधा त्या खोलीतच अधिक असते. पाणी तपासण्याचे संच अनेक ग्रामपंचायतींस मिळाले आहेत. ते कपाटात पडून राहण्यापेक्षा गुरुजींच्या देखरेखीखाली वरच्या वर्गाने वापरले तर काय बिघडेल? शहरवासीयांनीही निर्धास्त राहू नये. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळास पाणी पुरविणारे निळोणा व चापडोह हे दोन्ही जलाशय तळास गेले व नगरवासीयांस नळाची वाट दिवसचे दिवस पाहावी लागली.

आणखी एक सुचवितो. तलाठ्याकडील गावनकाशा शाळेत आणवून त्यातील नाले, ओढे, गावतळे मुलांनी पायी फिरून ताडून पाहावे. विदर्भातील गावांस वाजिब-उल-अर्ज आहे. त्यात पाण्याच्या वहिवाटी लिहिलेल्या असतात. नकाशात नाला आहे आणि जागेवर तूर उभी आहे, असे आढळले तर मुलांनी वाद घालू नये. नुसती नोंद करावी.

अडचण आहे ती शाळेच्या वेळापत्रकाची. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर मृगाच्या सरी पडून गेलेल्या असतात; आणि विहीर तळाला जाते ती मे महिन्यात, ऐन सुटीत. आपल्याच गहुलीचे सुधाकरराव नाईक यांचा स्मृतिदिन, १० मे, जलसंधारण दिन म्हणून पाळतात. त्या दिवशीही शाळेला कुलूप! तेव्हा सुटीत दोन-दोन मुलांची पाळी लावून वही गावातच कोणा जाणत्याच्या घरी ठेवावी लागेल. आपल्या संस्थेच्या सभासदांनी हे काम अंगावर घ्यावे. डबा, दोर व जाड पुठ्ठ्याची वही यांस एका सभासदाच्या चहापाण्याइतकाही खर्च येणार नाही.

आणि ती वही दरवर्षी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मुलांकडून उभे राहून वाचवावी. रब्बीची पेरणी त्यानंतरच व्हावयाची असते. यंदा विहिरी गेल्या वर्षाहून किती हात खाली आहेत, हे सातवीतील मुलीने वाचून दाखविले, म्हणजे गहू किती एकर व हरभरा किती एकर, आणि पिण्याच्या विहिरीलगत नवा बोअर घेऊ द्यावा की नाही, या गोष्टी तिच्यासमोरच ठरवाव्या लागतील.