यंत्र आपले, किल्ली दुसऱ्याची

यंत्र विकत घेतले म्हणजे ते आपल्या मालकीचे झाले, अशी ग्राहकाची स्वाभाविक समजूत असते. शिवणयंत्र किंवा पाण्याचा पंप यांच्या बाबतीत ती पुष्कळशी खरी आहे. वडूजच्या बाजारपेठेतला जाणता कारागीर ते उघडून दुरुस्त करू शकतो. संगणकाला जोडावयाच्या स्कॅनरच्या बाबतीत मात्र ही समजूत फसवी ठरते. काच, दिवा, मोटर सारे शाबूत असते. पण त्यांना हुकूम देणारा 'ड्रायव्हर' कंपनीने नव्या संगणकप्रणालीसाठी दिला नाही, की चालते यंत्र अडगळीत जाते.

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य संपले. जुने संगणक मोडीत काढण्यापेक्षा त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवावी, हा काटकसरी शाळा-कचेऱ्यांपुढील शहाणपणाचा मार्ग आहे. पण संगणक चालला तरी स्कॅनर चालेलच, याची खात्री नसते. संगणक आणि स्कॅनर यांच्यातील सांकेतिक भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, अनेक उत्पादक गुप्त ठेवतात.

ही कोंडी फोडण्याचे काम 'सेन' नावाचा प्रकल्प १९९६ पासून करीत आला आहे. जेथे उत्पादक माहिती देत नाही, तेथे कार्यकर्ते तारेवरून जाणारे संदेश टिपून घेतात. दिवा लावण्याचा हुकूम कोणता, मोटर पुढे नेण्याचा कोणता, हे पडताळून त्याची नोंद करतात आणि तिच्या आधारे ड्रायव्हर लिहितात. ही नोंद एकाच नमुन्यापुरती राहत नाही. कॅननच्या लाइड ३५ आणि लाइड ६० या दोन्ही स्कॅनरांत जेनेसिस कंपनीची एकच नियंत्रक चिप आहे. तिची भाषा उलगडली की दोन्ही यंत्रांची वाट मोकळी होते.

मराठी वाचकाला हे दुखणे अपरिचित नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक फाँट-कंपनीची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी असे. एका फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. ती मांडणी अक्षर-अक्षर तपासून ज्यांनी परिवर्तक तयार केले, त्यांच्यामुळेच जुना मजकूर आज वाचता येतो.

हा उद्योग कायदेबाह्य आहे काय? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये स्पष्ट मुभा दिली आहे. स्वतंत्रपणे लिहिलेली प्रणाली इतर प्रणालींशी जुळवून घेण्यास आवश्यक माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसेल, तर प्रणालीचा कायदेशीर धारक ती मिळवू शकतो.

उत्पादकांचा युक्तिवाद असा, की प्रोटोकॉल हे व्यापारी गुपित आहे. परंतु यंत्र कसे घडवले हे सांगणे वेगळे आणि त्याला हुकूम कसा द्यावा हे सांगणे वेगळे. घड्याळजी आपली कारागिरी न सांगताही चावी कशी द्यावी हे सांगतोच. अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे बाजारातील माहितीची विषमता आहे. यंत्राचे आयुष्य किती, हे खरेदीच्या वेळी विक्रेत्याला ठाऊक असते, ग्राहकाला नसते. आणि एकदा पैसे गुंतले की ग्राहकाची सौदाशक्ती संपते. म्हणून मागणी करावयाची ती खरेदीपूर्वी.

केंद्र सरकारने २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे आणि २०१५ साली मुक्तस्रोत प्रणालींचे धोरण जाहीर केले. त्याचा आशय आता निविदेच्या अटींत उतरला पाहिजे. पंचायत समिती असो की महाविद्यालय, स्कॅनरच्या निविदेत एक ओळ असावी : विक्रेत्याने यंत्राचा प्रोटोकॉल लेखी द्यावा, अथवा यंत्र मुक्त ड्रायव्हरवर चालते हे दाखवून द्यावे. किमतीचा तक्ता जितक्या काटेकोरपणे तपासला जातो, तितक्याच काटेकोरपणे ही अटही तपासावी. जी यंत्रे आधीच धूळ खात आहेत, त्यांच्या भाषेची नोंद करण्याचे काम संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावे. त्यासाठी लागणारी साधने विनामूल्य आहेत आणि यंत्रे कपाटातच आहेत. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या वस्तूचे आयुष्य विक्रेत्याच्या मर्जीवर सोडणे हा हिशेबातला दोष आहे, आणि तो दुरुस्त करणे खरेदी करणाऱ्याच्याच हाती आहे.