तिसरीच्या पुढचा वाचक : बालभारतीस खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे.

विषय : आठ ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी सुलभ कथामालिका प्रकाशित करण्याबाबत.



केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता आले पाहिजे असे उद्दिष्ट ठरवले आणि महाराष्ट्रातील शाळांनीही त्या दिशेने काम सुरू केले. परंतु वाचता येऊ लागलेल्या मुलाने चौथीत आणि पाचवीत नेमके काय वाचावे, या प्रश्नाला मराठीत आजही पुरेसे उत्तर नाही. एका बाजूला पानावर तीन-चार ओळी असलेली चित्रपुस्तके आहेत, ज्यांची निर्मिती गेल्या दोन दशकांत लक्षणीय सुधारली. दुसऱ्या बाजूला किशोरांसाठी म्हणून छापलेल्या, पण प्रौढांच्या कादंबरीइतकीच दाट छपाई आणि लांब परिच्छेद असलेल्या कादंबऱ्या आहेत. या दोहोंच्या मधल्या वाचकासाठी लागणारा साहित्यप्रकार म्हणजे सुलभ कथामालिका, आणि तो हाती घेण्याची क्षमता राज्यात सर्वाधिक बालभारतीकडे असल्यामुळे हे पत्र अन्य कोणास न लिहिता मंडळास लिहिले आहे.

सुलभ कथामालिका म्हणजे ज्यातील मुख्य पात्रे, त्यांचे घर, शाळा आणि परिसर प्रत्येक पुस्तकात तेच राहतात, पण गोष्ट मात्र दर वेळी नवी आणि स्वतंत्र असते, असा साठ ते शंभर पानांच्या पुस्तकांचा संच. त्यातील प्रकरणे एका बैठकीत संपतील इतकी लहान असतात आणि भाषा ही अक्षरओळख पक्की झालेल्या, परंतु वेगाने वाचण्याची सवय न लागलेल्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. असे मूल नवे पुस्तक उघडते तेव्हा कोण कोणाचा भाऊ, गोष्ट कुठे घडते, कोणते पात्र भित्रे आणि कोणते आगाऊ, ही सगळी माहिती त्याला अक्षरे लावता लावताच गोळा करावी लागते, आणि पहिल्या दहा पानांत ही दमछाक झाली की पुस्तक मिटते. मालिकेतील दुसरे पुस्तक हाती घेणाऱ्या मुलाला मात्र हे सारे आधीच ठाऊक असते, त्यामुळे त्याची सगळी शक्ती पुढे काय होते हे शोधण्याकडे वळते. भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी १९८१ मध्ये मांडलेली सीमित वाचनाची कल्पना हीच आहे : नवशिक्या वाचकाने अनेक विषयांवर थोडे थोडे वाचण्यापेक्षा एकाच लेखकाचे किंवा एकाच विषयावरचे पुष्कळ वाचावे, कारण त्यात तेच शब्द आणि तीच वाक्यवळणे वेगवेगळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा भेटतात आणि कोणी न शिकवता अंगवळणी पडतात. पाठ्यपुस्तकाची रचना याच्या नेमकी उलट असते. त्यात दर धड्याला लेखक, विषय आणि शैली बदलते. पाठ्यपुस्तकापुरते ते योग्यच आहे, परंतु वाचनाचा सराव त्यावर होत नाही.

मराठीला हा प्रकार परका नाही, उलट त्याची चांगली परंपरा आहे. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि त्यांचीच चिंगी, आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचून मग पुस्तकांत आलेला दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, राजीव तांबे यांचे प्रेमळ भूत, ही सारी पुन्हा पुन्हा भेटणारी पात्रे आहेत. ‘श्यामची आई’ ही काही मालिका नव्हे, तरी साने गुरुजींनी ती प्रकरणांऐवजी रात्रींमध्ये विभागली आणि प्रत्येक रात्र स्वतंत्र गोष्टीसारखी ठेवली, हे तिच्या दीर्घ आयुष्याचे एक कारण असावे, जरी त्याची चर्चा तिच्यातील संस्कारांच्या चर्चेपुढे क्वचितच होते. या सर्वांत मालिकेचे तंत्र सर्वांत जाणतेपणाने वापरले ते भा. रा. भागवत यांनी. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या आणि ‘बालमित्र’ मासिक चालवणाऱ्या भागवतांनी (१९१०–२००१) फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेल्या बनेश फेणे या सडपातळ मुलाभोवती वीस पुस्तके उभी केली. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘जंगलपटात फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’ अशा नावांवरूनच दिसते की नायक तोच ठेवून स्थळ आणि संकट बदलायचे, हे सूत्र लेखकाने पुरते ओळखले होते. बनेशची सायकल, त्याचे काटकुळे अंग आणि आश्चर्य वाटताच जिभेने काढलेला ‘टॉक्’ आवाज या खुणा प्रत्येक पुस्तकात परततात आणि वाचकाला जुना मित्र भेटल्याची खात्री देतात. गद्यही त्याच हेतूला धरून आहे : गोष्ट वर्णनापेक्षा संवादांतून पुढे सरकते आणि धावपळ सुरू झाली की वाक्ये तोकडी होतात. २०१७ मध्ये या पात्रावर चित्रपट निघाला खरा, पण त्यातला फेणे मोठा झालेला तरुण होता. नव्या पिढीतील दहा वर्षांच्या वाचकासाठी नवा फेणे कोणी लिहिला नाही, आणि जुन्या पुस्तकांतील पुणे आजच्या मुलाला आजोबांच्या आठवणींतूनच ठाऊक असते.

परंपरा असूनही खंड पडला, याचे एक कारण असे की मराठीतील प्रत्येक मालिका एका लेखकाच्या हौसेवर उभी राहिली आणि त्याच्याबरोबर थांबली. प्रकाशनसंस्थेने ठरवून, वाचनाच्या पातळीचा विचार करून मालिका घडवली असे अपवादानेच झाले. अमेरिकेत हा विचार १९५७ मध्ये ठळकपणे पुढे आला. शाळेतील वाचनपाठ कंटाळवाणे असल्याने मुले वाचत नाहीत अशी टीका होत असताना डॉ. स्यूस यांनी केवळ २३६ वेगवेगळे शब्द वापरून ‘द कॅट इन द हॅट’ लिहिले, आणि त्याच वर्षी एल्सा मिनारिक यांच्या ‘लिटल बेअर’पासून हार्पर या प्रकाशनसंस्थेची प्रारंभिक वाचकांसाठीची माला सुरू झाली. या पद्धतीला नियंत्रित शब्दसंग्रह म्हणतात, म्हणजे लेखकाने आधी ठरवलेल्या शब्दयादीबाहेर शक्यतो न जाणे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे, कारण ही पद्धत जशीच्या तशी मराठीत आणली तर फसेल. मराठीत शब्द विभक्तिप्रत्यय घेताना रूप बदलतो. याला सामान्यरूप होणे म्हणतात. ‘पाणी’ हा शब्द दुसरीतले मूल सहज वाचते, पण ‘पाण्यात’ हा त्याच्या डोळ्यांना निराळा आणि जोडाक्षर असलेला शब्द असतो. ‘वही’ सोपी, पण ‘वह्यांमध्ये’ अवघड. ‘भाऊ’ ओळखीचा, पण ‘भावाला’मध्ये तो हरवतो. म्हणजे शब्दांची यादी कितीही सोपी केली तरी व्याकरण स्वतःच जोडाक्षरे निर्माण करत राहते, आणि म्हणून मराठीतील सुलभता मोजायची तर शब्द न मोजता रूपे मोजावी लागतील. त्यात लिपीच्या अडचणीची भर पडते : ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर आणि लेखनात त्याच्या आधी येतो, रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी उच्चारला जातो, आणि ‘द्ध’ किंवा ‘क्त’ यांसारखी अक्षरे काही टंकांत अशी गुंफलेली असतात की त्यांतील घटक दिसतच नाहीत. वाक्यरचनेचाही प्रश्न आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ‘जाऊन’, ‘घेऊन’, ‘बघितल्यावर’ अशा धातुसाधितांची साखळी लांबली की कोणी काय केले हे कळेपर्यंत सुरुवात विसरलेली असते (प्रस्तुत पत्रातील वाक्ये हा त्याचाच पुरावा आहेत, पण ती पाचवीच्या मुलासाठी लिहिलेली नाहीत). याउलट कठीण म्हणून सरसकट टाळल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी प्रत्यक्षात मुलांना अडत नाहीत : ‘हेलिकॉप्टर’ लांब आहे पण परिचित आहे, ‘धप्पकन’मध्ये जोडाक्षर आहे पण ते वाचण्यात मजा आहे. तेव्हा जोडाक्षरविरहित मजकूर हा पहिलीपुरता मार्ग मानावा. दहा वर्षांच्या मुलाला तो बाळबोध वाटतो, आणि आपल्याला लहान समजले जात आहे हे मुलांना चटकन कळते.

अशा पुस्तकांची गरज किती आहे हे शाळांना वेगळे सांगावे लागत नाही. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहण्या २००५ पासून दाखवत आल्या आहेत की ग्रामीण भारतात पाचवीतील सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येतो. उरलेल्या निम्म्यांना दुसरीची पुस्तके देणे हा उपाय शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने बरोबर असला तरी त्यांचा मान राखणारा नाही. अकरा वर्षांच्या मुलाला ससा-कासवाची गोष्ट नको असते, त्याला चोरी, प्रवास, मैत्रीतील भांडण, क्रिकेटचा हरलेला सामना हवा असतो. भाषा दुसरीची आणि विषय पाचवीचा, ही सांगड मालिकेत जमते. एडिंबरा येथे सुरू झालेली बॅरिंग्टन स्टोक ही प्रकाशनसंस्था १९९८ पासून वाचनदोष असलेल्या आणि वाचनाला बिचकणाऱ्या मुलांसाठी हेच करत आली असून, त्यासाठी ती नामांकित लेखकांकडून पुस्तके लिहून घेते, हा तपशील लक्षात घेण्याजोगा आहे.

मालिकांवर एक जुना आक्षेप आहे : त्या अभिरुची बिघडवतात, मुलांना एकाच साच्याची सवय लावतात. अमेरिकेतील बॉय स्काउट्स संघटनेचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी १९१४ मध्येच स्वस्त मालिकांविरुद्ध जहाल लेख लिहिला होता, आणि मराठीतही बालसाहित्याची चर्चा आजवर मुख्यतः मूल्ये आणि संस्कार यांभोवती फिरत राहिली. आक्षेपात तथ्य नाही असे नाही; घाईने पाडलेल्या मालिका खरोखर निःसत्त्व असतात. परंतु ज्याला अजून वाचनाची गोडीच लागलेली नाही त्याची अभिरुची बिघडण्याची चिंता करणे हे अंमळ अकाली आहे.

आता बालभारतीच का, हे सांगितले पाहिजे. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाकडे छपाईची यंत्रणा, विभागीय भांडारे आणि राज्यातील प्रत्येक शाळेपर्यंत पुस्तक पोहोचवण्याचा अर्ध्या शतकाहून अधिक अनुभव आहे. खासगी प्रकाशकाला मालिकेचा पहिला भाग खपेल की नाही याची धास्ती असते आणि म्हणून दुसरा भाग निघतच नाही. मंडळाला ती धास्ती नाही. शिवाय मंडळाकडे नोव्हेंबर १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक आहे, आणि मालिका जन्माला घालण्यास मासिकासारखी दुसरी जागा नाही. सत्यजित राय यांनी आपल्या आजोबांचे ‘संदेश’ मासिक १९६१ मध्ये पुन्हा सुरू केले आणि १९६५ मध्ये त्यातच फेलूदा या गुप्तहेराची पहिली गोष्ट छापली. आज तो फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठी मुलांनाही ठाऊक आहे. मासिकात एखादे पात्र मुलांना आवडते की नाही हे त्यांच्या पत्रांवरून काही महिन्यांत कळते, आणि न आवडलेले पात्र फारसा खर्च न होता निवृत्त करता येते.

यासाठी मंडळाने फार मोठी योजना आखू नये अशी विनंती आहे. सुरुवातीस तीन मालिका, प्रत्येकी सहा पुस्तकांच्या, पुरेशा आहेत. मात्र प्रत्येक मालिका एकाच लेखकाने किंवा लेखिकेने लिहावी, कारण समितीने लिहिलेली गोष्ट समितीच वाचते. समितीचे काम मजकूर तपासण्याचे असावे, आणि त्या तपासणीत चौथी-पाचवीतील मुले हस्तलिखित मोठ्याने वाचताना जिथे अडखळतील तिथे खूण करण्याचाही समावेश असावा. तिन्ही मालिकांचे नायक पुण्या-मुंबईचे नसावेत. फुरसुंगी हे भागवतांच्या काळी खेडे होते, आणि त्या खेड्यातून आलेला मुलगा नायक झाला यात त्या वेळी नावीन्य होते. आज एखादी मालिका धुळ्याच्या अहिराणी बोलणाऱ्या घरात, एखादी गडचिरोलीच्या आश्रमशाळेत, तर एखादी मालवणच्या बंदरावर घडावी, आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवादांत तिथली बोली मोकळेपणाने यावी. मुलींना केवळ नायकाची बहीण म्हणून स्थान मिळू नये, हे चिंगीनंतर इतक्या वर्षांनी पुन्हा लिहावे लागते, हे थोडे खेदाचे आहे.

वितरणाबाबत एकच मागणी आहे. शाळांसाठी पुस्तकांची निवड एकेका शीर्षकानुसार झाली की मालिकेचा तिसरा भाग शाळेत येतो आणि पहिला व दुसरा येत नाही, हे ओघाने घडते; म्हणून या मालिका संच म्हणूनच पाठवाव्यात, प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर भागाचा क्रमांक ठळक छापावा आणि एका शाळेला प्रत्येक भागाच्या निदान चार प्रती द्याव्यात, कारण मालिका वाचणारी मुले ती एकमेकांशी बोलत, पुढचा भाग कोणाकडे आहे हे विचारत वाचतात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन राज्यात २०१५ पासून साजरा होतो, आणि पहिले संच त्या दिवसापूर्वी शाळेत पोहोचले तर भाषणांनंतर मुलांच्या हाती देण्याजोगे काही असेल. संच तयार होण्याआधी ‘किशोर’च्या येत्या दिवाळी अंकात तीन नव्या पात्रांच्या तीन गोष्टी छापून मुलांचा कौल मागवता येईल, आणि त्यासाठी नव्या निधीची किंवा नव्या शासन निर्णयाची गरज नाही.

कळावे,

मराठी बालवाचनाचा एक अभ्यासक