आवाज शोधण्याचीही मजुरी द्या

आपल्या बाजारातील किती तरी छोट्या व्यापाऱ्यांचा आणि कारागिरांचा धंदा मोटारसायकलवर चालतो. कापडाचे तागे, नमुन्यांचे गठ्ठे, शिवून तयार झालेला माल, हत्यारांची पिशवी, सारे तिच्यावरूनच जाते. अशा गाडीचा ब्रेक दाबताच पुढून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला, की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर पुढचा ब्रेक दाबणेच सोडून देतो, नाही तर गॅरेजात जाऊन “लायनर बदलून टाक” असा हुकूम सोडतो. दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत.

पहिलीत जिवाचा धोका आहे. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि तेच चाक रस्त्याला घट्ट धरते. मागचे चाक हलके होते, जोराने दाबले तर घसरते. मागे माल बांधला असेल तर गाडी थांबायला जागा आणखी जास्त लागते. म्हणजे पुढचा ब्रेक सोडणारा माणूस आपली थांबण्याची मोठी ताकदच सोडून देतो.

दुसऱ्या गोष्टीत पैसा वाया जातो. मागाचा आवाज बदलला तर चांगला जॉबर लगेच नवा पिकर मागत नाही. तो आधी कान लावतो, आवाज कोणत्या बाजूने आणि कोणत्या क्षणी येतो ते पाहतो, मग पाना उचलतो. मोटारसायकललाही हाच कायदा लागू आहे.

गॅरेजात जाण्यापूर्वी आवाजाची जात ओळखावी. ब्रेक दाबताना एकदा ‘टक्’ आणि सोडताना पुन्हा ‘टक्’, हा बहुधा ढिलाईचा आवाज असतो. हँडलचा कोनसेट सैल झालेला असतो, शॉकअपचे बुश झिजलेले असतात, डिस्क ब्रेकचा कॅलिपर किंवा पॅड आपल्या जागेत हलत असतो, किंवा ड्रमच्या प्लेटची शॉकअपला अडकणारी खाच झिजलेली असते. ‘चीं’ असा बारीक आवाज धुळीचा किंवा गुळगुळीत झालेल्या लायनरचा असू शकतो. ‘खर्र’ असा धातू घासल्याचा आवाज आला तर एक दिवसही थांबू नये. पॅड संपून त्याची लोखंडी पाठ डिस्कला खात असते आणि पॅडच्या किमतीत भागणारे काम डिस्कवर जाते. चाकाच्या फेऱ्याबरोबर आवाज येत-जात असेल तर डिस्क वाकडी किंवा ड्रम अंडाकार झाला आहे का ते पाहावे. जोराच्या ब्रेकला ‘धप्प’ होत असेल तर शॉकअपचे ऑइल कमी झाले असावे किंवा स्प्रिंग बसली असावी.

‘टक्’चा उगम शोधायला महागडे यंत्र लागत नाही. गाडी मोठ्या स्टँडवर घ्यावी, एकाने मागून दाबून पुढचे चाक उचलावे. दुसऱ्याने शॉकअपची खालची टोके धरून पुढे-मागे ओढावी आणि कोनसेटच्या सांध्यावर बोट ठेवावे. तेथे हालचाल लागली तर कोनसेट सैल. शॉकअपच्या नळीच्या सांध्यावर लागली तर बुश. चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवले तर बेरिंगचा दोष कळतो. हँडल सावकाश वळवताना मध्यभागी अडकत असेल तर कोनसेटच्या वाट्यांना खड्डे पडले आहेत. तो आवळून उपयोग नाही, गोळ्या आणि वाट्या दोन्ही बदलाव्या लागतात. गरजेपेक्षा जास्त आवळला तर हँडल जड होते आणि गाडी सरळ चालत नाही. मडगार्ड, हेडलाइट आणि स्पीडोमीटरच्या केबलवरही हात फिरवावा. सैल बोल्टाने भलभलते खर्च करायला लावले आहेत.

नव्या गाड्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्या दुचाकींना किमान सीबीएस बंधनकारक झाले. एबीएस असलेल्या गाडीचा ब्रेक ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर लिव्हरला धक्के बसून ‘टर्र’ होते. तो बिघाड नव्हे, ते त्याचे काम आहे. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला तरी पुढचाही थोडा लागतो, म्हणून पायाच्या ब्रेकने पुढून आवाज आला तर मिस्त्रीला खोटे ठरवू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. मिस्त्री अर्धा तास खपून एक सैल नट शोधतो आणि आपण म्हणतो, “एवढ्याशा कामाचे कसले पैसे?” तोच मिस्त्री न तपासता नवा पार्ट बसवतो तेव्हा आपण बिल मुकाट्याने देतो. मग त्याने शोधावे कशाला? पार्ट विकून पोट भरणारा मिस्त्री आपल्या या हिशेबानेच तयार केला आहे. कापडाची पारख करणाऱ्याच्या नजरेची किंमत आपण जाणतो. मग कानाच्या हुनराची का नाही?

मिस्त्री बांधवांनाही एक मशवरा आहे. तपासणीची मजुरी आधी सांगा, गाडी स्वतः चालवून आवाज ऐका आणि काढलेला जुना पार्ट ग्राहकाच्या हातात द्या. ग्राहकाने ‘लायनर बदल’ असा हुकूम न सोडता आवाज केव्हा येतो, कोणत्या ब्रेकने येतो, माल असताना येतो की रिकाम्या गाडीला, एवढे सांगावे. निदान मिस्त्रीवर सोपवावे आणि त्याचे दाम तिथल्या तिथे चुकते करावे. सैल नट सापडला म्हणून वाचलेला पैसा त्याच्याच मेहनतीचा आहे.