यंत्राच्या मापाची मोटार

नारायणगावाजवळील खोडद आणि आसपासच्या परिसरात, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या प्रतिभेतून साकारलेल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, चार मिनिटांत एक अंश सरकणाऱ्या आकाशाचा पाठलाग करीत असतात, तेव्हा त्या मंद गतीमागे केवढे बल राबत असते याची कल्पना पाहणाऱ्यास सहसा येत नाही. वेगाने फिरणे मोटारीस सोपे. प्रचंड भार सावकाश, अचूक आणि वाऱ्याच्या झोतास न जुमानता वळवणे कठीण. दंतचक्रांत केसभर ढिलाई राहिली तरी तबकडी डगमगते, म्हणून तेथे प्रत्येक अक्षावर सर्वो मोटारींची जोडी परस्परविरुद्ध ताण देऊन दाते घट्ट दाबून धरते. ही योजना मला तर एखाद्या उत्तम श्लोकासारखी बांधेसूद वाटते.

अशी मोटार हा छापील यादीतून उचलण्याचा जिन्नस नव्हे. तिचे चुंबक, तांब्याची वेटोळी, उष्णतेचा निचरा, हे सारे त्या विशिष्ट यंत्राचा भार आणि गती यांचे गणित मांडूनच ठरवावे लागते. परंतु सर्वांत कमी दराच्या निविदेस मंजुरी देण्याचा आमच्या सरकारी दप्तरांचा रिवाज नेमका या गणितावरच घाव घालतो, आणि अभिकल्पकाच्या श्रमांस तेथे रकानाच नसतो. असा रकाना खरेदीच्या नियमांत तातडीने दाखल व्हावा, आणि पहिला नमुना घडवून पूर्ण भाराखाली तपासण्याच्या खर्चाची तजवीज मूळ अंदाजपत्रकातच व्हावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.