प्रार्थनेतली एकच अट

नाताळात घरी येणाऱ्या मित्रमैत्रिणींपैकी कोणी ना कोणी, केक आणि करंज्या संपल्या की, अगदी निर्मळ मनानं विचारतं, "तुमच्यात रोजचं असं काय करायचं असतं गं? सोवळं नाही, उपवासाचे ठरलेले वार नाहीत, देवघर नाही. रविवारी चर्चला गेलं की झालं का?"

प्रश्न चांगला आहे. आपल्या मंडळातल्या ख्रिस्ती घरांतली तरुण मुलंही तो हल्ली विचारतात, म्हणून या वेळचं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. धर्मशास्त्राची मोठी उत्तरं पाळकसाहेब देतील. मला जे घरात मिळालं ते फार छोटं आहे. ती एक प्रार्थना आहे, आणि म्हणायला अर्धा मिनिटही लागत नाही.

तिला आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणतो. शिष्यांनी येशूला विचारलं की प्रार्थना कशी करायची ते आम्हालाही शिकवा, तेव्हा त्यानं ही शिकवली. मत्तयाच्या शुभवर्तमानात ती सहाव्या अध्यायात आहे आणि लूकच्या अकराव्या अध्यायात थोडी आटोपशीर रूपात आहे. कॅथलिक असो वा प्रॉटेस्टंट, जगातल्या बहुतेक सगळ्या ख्रिस्ती घरांत ती पाठ असते. आमच्या बेळगावात तर एकाच रविवारी ती मराठी, कन्नड, कोकणी आणि इंग्रजी अशा चार भाषांत म्हटली जाते.

या प्रार्थनेत दोन गोष्टी लक्ष देऊन पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की तिच्यात 'मी' आणि 'माझं' हे शब्द कुठंच नाहीत. देव आपल्या सगळ्यांचा बाप आणि भाकरीही आपल्या सगळ्यांची. एकटा माणूस खोलीचं दार लावून ही प्रार्थना म्हणाला तरी त्याला ती अनेकवचनातच म्हणावी लागते. आमची आजी हे व्याकरण शिकली नव्हती, पण पाळत होती. दोन्ही वेळा भाताला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ ती वेगळ्या डब्यात टाकायची. रविवारी तो डबा देवळात जायचा आणि तिथून गरजू घरी. पाहुणे आलेत म्हणून किंवा महिनाअखेर आहे म्हणून ती मूठ कधी चुकली नाही. "आधी त्यांचं काढायचं, मग आपलं शिजवायचं," एवढंच तिचं म्हणणं.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. या प्रार्थनेत आपण देवाकडे बरंच काही मागतो, आणि एक सोडून कुठल्याच मागणीला अट नाही. भाकरी मागताना 'मी कष्ट केले म्हणून दे' असं नाही. संकटातून सोडवण्याची विनंतीही बिनशर्त आहे. क्षमा मागताना मात्र आपणच आपल्या तोंडानं सांगतो की आम्हीही दुसऱ्यांना क्षमा केली आहे. मत्तयात प्रार्थना संपल्यावर येशू पुन्हा या एकाच मुद्द्याकडे वळतो आणि स्पष्ट करतो की तुम्ही माणसांना क्षमा केली नाहीत तर तुम्हालाही ती मिळणार नाही. बाकीच्या मागण्यांवर तिथं त्याचं काही भाष्य नाही.

मत्तयात या ठिकाणी शब्द आहे तो 'ऋण', म्हणजे शब्दशः देणं, उधारी. वह्यांमध्ये उधारी मांडणाऱ्या आपल्या बाजारपेठेतल्या माणसाला हा शब्द लगेच कळेल. याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? उत्तरादाखल येशू एक गोष्ट सांगतो. एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज होतं. राजानं दया येऊन ते सगळं सोडलं. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याचा त्यानं गळा धरला. दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांताचे साधारण सहा हजार दिनार होत. म्हणजे सोबत्याचं देणं शंभर दिवसांच्या मजुरीचं आणि या चाकराला सुटलेलं देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. लहानपणी हा हिशेब कोणी मांडून दाखवला नाही तर गोष्टीतली गंमत कळत नाही. शंभर दिवसांची मजुरी ही काही किरकोळ रक्कम नव्हे. सोबत्यानं ती बुडवली असती तर त्या माणसाला लागलं असतं. गोष्ट ते नाकारत नाही. फक्त दुसरा आकडा शेजारी ठेवते.

आता हे घरात कसं उतरतं ते सांगते.

आजोबांनी बांधलेल्या आमच्या घराच्या वाटणीवरून पप्पा आणि मोठे काका यांचं बोलणं बंद झालं, तेव्हा मी दुसरीत होते. व्हरांड्यात मधोमध भिंत उभी राहिली. परसातली विहीर कोणाच्या हिश्श्यात येते यावर घोडं अडलं. पाणी दोघंही काढायचे, पण वेळा वाटून. काकांच्या घरातली चुलतभावंडं शाळेत आमच्याबरोबर डबा खायची आणि घरी आली की भिंतीपलीकडची व्हायची. हे नऊ वर्षं चाललं.

आजीनं एकच गोष्ट सोडली नाही. शनिवारी संध्याकाळी साडेसातला तिच्या खोलीत दोन्ही घरांनी उपासनेला यायचं. येत असत सगळे. पप्पा दाराजवळ बसायचे, काका खिडकीखाली. एक गाणं, शास्त्रातला एक भाग आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. ती म्हणताना त्या एका ओळीपाशी आलं की खोलीतला आवाज एकदम पातळ व्हायचा. दोन्ही पुरुष गप्प. आजी, आई, काकू आणि आम्ही मुलं तेवढी ओळ म्हणायचो, आणि पुढच्या ओळीला दोघांचे आवाज परत यायचे. आम्हा मुलांना ती जागा पाठ झाली होती.

एकदा चुलतबहिणीनं न राहवून आजीला विचारलं, की तू त्यांना बोलत का नाहीस? आजी म्हणाली, "कशाला बोलू? जे करत नाहीत ते देवापुढं म्हणत नाहीत, हे काय वाईट आहे? निदान खोटं तरी बोलत नाहीत. येऊन बसतात ना, तेवढं पुरे."

मला आज वाटतं, आजीचं सगळं ख्रिस्तीपण त्या उत्तरात होतं. तिनं कोणाला क्षमेची सक्ती केली नाही आणि ती ओळही कोणाच्या सोयीसाठी गाळली नाही.

शेवट चमत्कारानं झाला नाही. एका रविवारी देवळात डोंगरावरच्या प्रवचनातला भाग वाचला गेला. अर्पण घेऊन वेदीपाशी आला असाल आणि तिथं आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा आणि मग या, अशा अर्थाचा तो भाग. त्यात आपल्या मनात भावाविषयी काय आहे हे विचारलेलंच नाही. विचारलंय ते त्याच्या मनात आपल्याविषयी काय आहे. आठवड्याभरानं काका एका वहीच्या पानावर पेन्सिलीनं काढलेला नकाशा घेऊन आमच्या दारात आले. म्हणाले, "मोजणी करून घेऊ. जे निघेल ते निघेल. विहीर मात्र कागदावर दोघांची लिहू." पप्पांनी त्यांना आत बोलावलं. मोजणी झाली, कागद झाले. पप्पांच्या हिश्श्यात थोडी जागा कमी आली, ती त्यांनी मान्य केली.

त्या शनिवारी त्या ओळीला दोघांचे आवाज आले. अगदी हळू. आजीला तोवर कमी ऐकू येऊ लागलं होतं. तिनं आईचा हात दाबून विचारलं, "म्हटलं का?" आईनं मान हलवली.

क्षमा लगेच होते असं ज्यांना वाटतं त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' जरूर वाचावी. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. नंतर एकत्र आले तेही एकदम नव्हे. सुरुवातीला लक्ष्मीबाई आपलं सोवळं सांभाळून राहत होत्या, आणि स्वतःची खात्री पटल्यावर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुस्तकात त्यांनी आपलं रडणं लपवलं नाही, राग लपवला नाही आणि टिळकांचा विक्षिप्तपणाही झाकला नाही. तरी पानापानांत हसू आहे, कडवटपणा नाही. देणं किती होतं ते नीट लिहून ठेवून मग त्यावर काट मारलेली अशी ती वही आहे.

तरुण वाचकांसाठी, विशेषतः मुलींसाठी, एक गोष्ट इथं स्पष्ट सांगायला हवी. क्षमा म्हणजे मुकाट्यानं सोसणं नव्हे. घरात मारहाण होत असेल, कोणी फसवत असेल, तर 'तू ख्रिस्ती ना, मग क्षमा कर' असं म्हणून तिला परत त्याच दारात ढकलणं हा त्या प्रार्थनेचा गैरवापर आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढे केडगावला मुक्ती सदन उभं केलं. विधवा, टाकलेल्या आणि दुष्काळात सापडलेल्या बायका-मुलींना तिथं आधी छप्पर मिळालं, मग अक्षर आणि हाताला काम. ख्रिस्ती श्रद्धेचं मराठी घरातलं रूप विचाराल तर हेही त्यातच येतं. माणूस आधी सुरक्षित झाला पाहिजे. सूड सोडता येतो, आणि न्याय मागण्याचा हक्क तरीही ठेवता येतो. काकांनी मोजणी करून घेतलीच ना!

ही शिकवण एकट्या आमची आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या शेजारच्या जैन कुटुंबात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणी असते. शेजारचे आजोबा वयानं एवढे मोठे, पण हात जोडून आमच्या दारात येतात आणि वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणतात. संक्रांतीच्या तिळगुळामागेही दुसरं काय आहे? आमच्यात फरक एवढाच की आम्हाला तो दिवस वर्षातून एकदा येत नाही. रोज संध्याकाळी येतो.

आता आमच्या घरात काय चालतं ते सांगून थांबते. जेवणाआधी आम्ही चौघं ही प्रार्थना म्हणतो. आजीचाच नियम ठेवला आहे. ज्याला ती ओळ म्हणता येत नसेल त्यानं गप्प राहायचं, आणि कोणी कारण विचारायचं नाही. ताईनं कंपासपेटी मोडली म्हणून माझा नऊ वर्षांचा मुलगा एकदा तीन दिवस गप्प राहिला. चौथ्या दिवशी त्याचा आवाज आला तेव्हा ताईनंच सुटकेचा श्वास टाकला. आम्ही नवरा-बायकोही कधी कधी गप्प असतो, आणि मुलांना ते बरोबर कळतं. त्या रात्री भांडी घासताना विषय काढणं भाग पडतं. नाही तर उद्या परत तीच ओळ आहेच.

तुमच्या घरी वेगळी प्रार्थना असेल, आरती असेल, किंवा काहीच नसेल. तरी एक करून बघा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून जो रागावून बाहेर पडला आहे, किंवा ज्याचा नंबर तुम्ही ब्लॉक केला आहे, त्याचं नाव एका कागदावर लिहा. त्याच्याकडे तुमचं नेमकं काय देणं आहे ते एका ओळीत लिहा. 'तो तसाच आहे' असं लिहायचं नाही. पैसे, जागा, एखाद्या लग्नात झालेला अपमान, जे असेल ते नेमकं. मोघम राग वाढत जातो, नेमका राग मोजता येतो. मग त्यातलं सरळ मार्गानं मागून घेण्यासारखं काय आहे आणि सोडून देण्यासारखं काय आहे, ते दोन बाजूंना मांडा. आणि उलट्या बाजूला, त्याच्या मनात तुमच्याविषयी काय असेल तेही लिहा. ही बाजू भरायला जास्त वेळ लागतो.

लगेच फोन करायलाच हवा असं नाही. आमच्या घरी नऊ वर्षं लागली. पण त्या नऊ वर्षांत एकही शनिवार चुकला नाही.