मोठ्या माशाची हौस

अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात गनिसन नदीवर ब्लू मेसा जलाशय आहे. तेथे कोकॅनी सॅमन आणि लेक ट्राऊट हे दोन्ही मासे माणसानेच आणून सोडले. ट्राऊट सॅमन खाऊन प्रचंड वाढतो, अनेक दशके जगतो. सॅमन एकदाच अंडी घालून मरतो. राज्यातील इतर जलाशयांनाही येथून सॅमनची अंडी जातात. सॅमन घटला, तेव्हा सरकारी खात्याने लहान ट्राऊट पकडणाऱ्यांना बक्षिसे ठेवली.

विक्रमी ट्राऊटच्या शौकिनांना हे रुचणे कठीण. पण लहान ट्राऊट बेसुमार वाढले तर सॅमन संपेल आणि मोठा ट्राऊटही उपाशी मरेल. घडी आपणच बसवली असताना ‘निसर्गावर सोडा’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. मोठा मासा हवा असेल, तर आधी त्याच्या पोटाचा विचार करावा लागेल.